साइटवर माणूस पडू नये म्हणून: लहान ठेकेदारांनी काय, कधी आणि कसं करावं

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, बाळे. शहर वाढतंय ते बहुतेक दोन-तीन मजली घरांनी, आणि ही घरं उभी करणारी माणसं मोठ्या कंपन्यांची नसतात. एक ठेकेदार, दोन गवंडी, चार-पाच बिगारी, सेंट्रिंगवाल्यांची, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता साचा लावणाऱ्या-काढणाऱ्यांची, एक टोळी. अशा साइटवर सेफ्टी ऑफिसर नसतो, म्हणून ती जबाबदारी ठेकेदाराचीच. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि घर बांधून घेणाऱ्या मालकासाठीही, कारण पैसे तो देतो आणि घाईही बऱ्याचदा त्याचीच असते.

"एका मजल्यावरून पडून काय होतंय" असं बोललं जातं. १० फुटांवरून पडलेला माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो आणि आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. एवढ्या वेळात हात टेकायचं भानही राहत नाही. खाली विटांचा ढीग किंवा उभे गज असतील तर उंची किती होती याला काही अर्थच उरत नाही. अमेरिकेत २०१२ पासून बांधकामावरच्या पडझडीविरुद्ध देशभर मोहीम चालू आहे. तिथले तीन शब्द आपल्याकडेही तसेच लागू होतात: आखणी करा, साधनं द्या, शिकवा. क्रमही तोच ठेवायचा. आपल्याकडे उलट होतं. कामगाराला "सांभाळून रे" म्हणायचं आणि आखणीचं नाव नाही.

पायरी १: एस्टिमेटमध्येच खर्च धरा

स्क्वेअर फुटाचा दर ठरला की त्यातून पहिली काटछाट होते ती परांचीची, म्हणजे उंचावर उभं राहायच्या तात्पुरत्या सांगाड्याची. फळ्या कमी, बांबू जुने, कठडा तर नाहीच. म्हणून कोटेशनमध्ये परांची, तात्पुरते कठडे, डक्टची (पाइपसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या भोकांची) झाकणं, हार्नेस (अंगावर घालून दोरीने अडकवायचे पट्टे) आणि हेल्मेट यांची वेगळी ओळ लिहा. मालकाने "हे काय?" विचारलं तर समजावून सांगा. रक्कम घराच्या एकूण खर्चात फार मोठी नसते आणि पाइप, क्लॅम्प, हार्नेस पुढच्या साइटवरही चालतात. ही ओळ नसेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या कागदावरच राहतील.

पायरी २: प्रत्येक टप्प्याआधी साइटवर फेरी मारा

मुकादम आणि एका जुन्या गवंड्याला बरोबर घ्या. स्लॅब भरायच्या आधी एक फेरी, सेंट्रिंग काढायच्या आधी एक, गिलाव्याआधी एक. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: इथून माणूस कुठे खाली जाऊ शकतो? स्लॅबच्या कडा, जिन्याची मोकळी बाजू, डक्ट, बाल्कनी, पाण्याच्या टाकीचा स्लॅब या जागा पटकन दिसतात. न दिसणारी जागा म्हणजे सेंट्रिंग काढणाऱ्याच्या पाठीमागची. पहारीने प्लेट ओढताना ती अडकून बसते आणि मग एकदम सुटते. सगळा जोर लावलेला माणूस मागे फेकला जातो. मागे मोकळी कड असेल तर तो थेट खाली. सेंट्रिंग कडेकडून आत काढायचं की आतून कडेकडे, माणसाची पाठ कुठल्या बाजूला राहील, हे आदल्या दिवशी ठरवून टोळीला सांगा.

पायरी ३: भोकं आणि कडा बंद करा

सगळ्यात जास्त जीव इथे वाचतात, म्हणून इथे कंजुषी नको.

डक्टच्या जागी स्लॅबचे गज कापू नका. जाळी तशीच आरपार राहू द्या आणि प्लंबर पाइप टाकायला आला की त्या दिवशी कापा. माणूस पडेल एवढी जागाच राहत नाही, खर्चही नाही. जिथे भोक उघडंच ठेवावं लागतं तिथे सेंट्रिंगची जाड प्लाय टाका. प्लायच्या खालच्या बाजूला भोकाच्या मापाच्या पट्ट्या ठोका, म्हणजे ती सरकणार नाही. नुसती ठेवलेली प्लाय उघड्या भोकापेक्षा वाईट, कारण कोणीतरी ती उचलायला जातो आणि प्लाय हातात धरून पुढचं पाऊल भोकात टाकतो. झाकणावर लाल रंगाने मोठी फुली मारा. आपल्या साइटवर मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी माणसं एकत्र असतात आणि वाचता येणारे कमी. फुली सगळ्यांना कळते.

कडेला कठडा हवा. वरची आडवी पट्टी साधारण १ मीटरवर, दुसरी तिच्या निम्म्यावर, आणि तळाला १५ सेंटिमीटरची फळी, म्हणजे वीट किंवा थापी खालच्या माणसाच्या डोक्यावर जाणार नाही. स्लॅब भरतानाच कडेजवळ पाइपचे छोटे तुकडे उभे रोवून ठेवा. सेंट्रिंग निघालं की त्यात कठड्याचे खांब सरळ उतरतात. नंतर ड्रिल करत बसलात तर ते काम कधीच होत नाही. दोरी किंवा पिवळी पट्टी बांधणं म्हणजे कठडा नव्हे. माणसाचा भार येताच ती सुटते. जिना ओतला की त्याच आठवड्यात त्यालाही तात्पुरता कठडा लावा. डोक्यावर घमेलं घेऊन चढणाऱ्या बाईला आपले पाय दिसत नाहीत, ती भिंतीच्या अंदाजाने चालते, आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसतं.

पायरी ४: परांची

सोलापुरात पायाखाली बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि मऊ होते. तिच्यात बांबू किंवा पाइप थेट रोवला तर पहिल्या मोठ्या पावसानंतर एक पाय खचतो आणि अख्खा सांगाडा भिंतीपासून सुटतो. प्रत्येक उभ्या बांबूखाली किंवा पाइपखाली रुंद फळी किंवा प्लेट द्या. पाऊस पडून गेला की कोणी चढायच्या आधी खालून प्रत्येक पाय बघा. प्रत्येक मजल्यावर परांची इमारतीला बांधलेली पाहिजे, आणि तिरपे आडवण लावल्याशिवाय ती उभी राहिली असं समजू नका.

बांधायला सुतळी नको. भिजली, वाळली, पुन्हा भिजली की ती कुजते आणि वरून चांगली दिसते. काथ्याही प्रत्येक कामाला नवा घ्या. पाइप आणि क्लॅम्पची परांची भाड्याने मिळते, जमेल तिथे तीच घ्या. उभं राहायची जागा एका फळीची नसावी. निदान ६० सेंटिमीटर रुंद, फळ्या एकमेकींना लागून, दोन्ही टोकं बांधलेली. फळीचं टोक आधाराच्या फार बाहेर गेलं की त्यावर पाय पडताच फळी उलटते. परांचीसाठी आयएस ३६९६ हे भारतीय मानक आहे, पाइप भाड्याने देणाऱ्याला त्याबद्दल जरूर विचारा.

आतल्या खोलीत घोडी (वर उभं राहायचा सुटा उंच आधार) लावून छताचा गिलावा चालतो, तेव्हा कोणाला धोका वाटत नाही. पण घोडी खिडकीच्या किंवा बाल्कनीच्या तोंडाशी असेल तर कठडा माणसाच्या कमरेला नाही, घोट्यापाशी येतो. अशा वेळी आधी ती पोकळी वरपर्यंत आडव्या पट्ट्या मारून बंद करा.

शिडीबद्दल थोडक्यात. दर चार फूट उंचीला शिडीचा पाया भिंतीपासून एक फूट लांब, वरचं टोक उतरायच्या जागेच्या तीन फूट वर, आणि ते टोक बांधलेलं. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून माल कप्पीने वर घ्या. महावितरणची तार जवळ असेल तर अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणि लांब गज यांना तिकडे फिरकू देऊ नका. विजेचा झटका बसलेला माणूस खालीही पडतो.

पायरी ५: सिमेंट पत्र्यांच्या शेडवर वेगळा नियम

सोलापुरात हे वेगळं सांगायलाच हवं. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि जुन्या यंत्रमागांच्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत. गळती लागली की दोन माणसं वर पाठवली जातात. जुना सिमेंट पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, आणि तुटण्याआधी वाकतही नाही. मध्ये उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे धुळीने इतके मळलेले असतात की वरून ओळखूच येत नाहीत. "बोल्टच्या ओळीवरून चाललं की चालतं" ही समजूत अनेकांच्या जिवावर बेतणारी आहे. पत्र्यावर पाऊल टाकायचंच नाही. निदान दोन-तीन कैच्यांवर टेकणाऱ्या रुंद फळ्या टाकून फक्त त्यांवरूनच फिरायचं. त्याहून चांगलं म्हणजे खालून परांची लावून काम करणं. खाली माग चालू असतील तर त्या भागातले बंद ठेवायला मालकाला सांगा.

पायरी ६: हार्नेस, पण सगळ्यात शेवटी

जिथे कठडा किंवा झाकण शक्यच नाही, तिथे हार्नेस. कमरेचा पट्टा घेऊ नका, त्याने पडलेल्या माणसाचे पोट आणि पाठीचा कणा दुखावतात. पूर्ण अंगाचा, आयएस ३५२१ खूण असलेला घ्या.

एक गोष्ट फार थोडे ठेकेदार लक्षात घेतात. धक्का सोसणाऱ्या दोरीचा हार्नेस माणसाला थांबवतो तेव्हा दोरीची लांबी, उलगडलेली पट्टी आणि माणसाचं अंग मिळून हुकाच्या खाली साधारण ६ मीटर मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर पायाशी हूक अडकवलात तर दोरी ताणली जाण्याआधी माणूस जमिनीवर असेल. लहान इमारतीत दोरी इतकी आखूड ठेवा की माणूस कडेपर्यंत पोचूच नये. हूक कॉलमला किंवा बीमला अडकवा. बांबू, खिडकीची चौकट, तारेने बांधलेला गज चालणार नाही. रोज सकाळी शिलाई बघा, आणि एकदा कोणी पडताना हार्नेसने थांबवला की तो हार्नेस नंतर कोणी वापरू नये म्हणून कापून टाका. लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं, तेव्हा कशाने आणि कोण घेणार हे आधी ठरलेलं हवं. हेल्मेट आयएस २९२५ चं आणि हनुवटीचा पट्टा लावलेलं, नाहीतर पडताना ते डोक्याच्या आधीच सुटून जातं.

पायरी ७: ऊन, उपास आणि नवीन माणूस

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो. दुपारी बाराच्या पुढे उंचावर उभ्या माणसाला चक्कर येते आणि त्याला ते शेवटच्या क्षणी कळतं. उंचावरचं काम सकाळी लवकर आणि चारनंतर घ्या, मधल्या वेळेत सावलीतलं. पाणी वरच्या मजल्यावरही ठेवा, कारण खाली उतरायला लागतं म्हणून लोक पाणी पितच नाहीत. कोणाचा निर्जळी उपास असेल, रोजा असेल, आदल्या दिवशी ताप येऊन गेला असेल, तर त्याला त्या दिवशी जमिनीवरचं काम द्या. विचारताना इतरांसमोर नको, बाजूला घेऊन विचारा. प्यायलेल्या माणसाला मात्र कुठल्याच कामाला घेऊ नका.

नाक्यावरून आज आलेल्या माणसाला आज वर चढवू नका. सकाळी पाच मिनिटं सगळ्यांना एकत्र करून आज कुठे धोका आहे ते बोटाने दाखवा, त्यांच्या भाषेत बोलणारा एकजण मध्ये घेऊन. आणि सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट सांगा: फळी हलतेय, भीती वाटतेय असं म्हणून कोणी वर जायला नकार दिला तर त्याची हजेरी कापली जाणार नाही. हे सांगितल्यावर ते पाळा. उक्त्या कामात टोळी स्वतःच घाई करते, तिथे कठडा आणि परांची ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने लावून द्यावी. टोळीवर सोडली तर लागणार नाही.

पायरी ८: तरीही कोणी पडलाच तर

उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका, हेल्मेट ओढून काढू नका. मान आणि पाठ आहे तशी धरून ठेवा, रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबा आणि १०८ ला फोन करा. रिक्षात आडवं टाकून नेल्याने कण्याची इजा कायमची होऊ शकते. साइटचा पूर्ण पत्ता आणि जवळची ठळक खूण गेटवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, फोनवर घाबरलेला माणूस पत्ता नीट सांगू शकत नाही. माणूस उठून "काही झालं नाही" म्हणाला तरी डोक्याला मार लागला असेल तर सिव्हिलला दाखवाच. डोक्यातला रक्तस्राव काही तासांनीही दिसून येतो.

एक काम मात्र आजच करता येईल. तुमच्याकडच्या १८ ते ६० वयाच्या प्रत्येक कामगाराची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी झाली आहे का, विचारा. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि अनेक ठेकेदार त्यावर सही करायला टाळाटाळ करतात. सही करा. नोंदणी दरवर्षी जिवंत ठेवायची असते, तेव्हा कोणाची तारीख कधी संपते हे हजेरीच्या वहीतच नावासमोर लिहून ठेवा.