रक्ताबरोबर लघवीही तपासा

देवगडात लॅबमध्ये रक्त काढते, तेव्हा मधुमेहाचे, बीपीचे पेशंट हमखास विचारतात, "रगात दिलंय मां, लघवी कित्याक व्हयी?" उत्तर सोपं: किडनीचं अर्धं दुखणं लघवीतच आधी कळतं.

रक्तातलं क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ, तो स्नायूंमधून येतो आणि किडनी तो गाळून टाकते. नुसत्या त्या आकड्यावर मात्र विसंबू नका. २५ वर्षांच्या खलाशाचं क्रिएटिनिन १.१ आलं तर त्याची किडनी उत्तम चालते, ईजीएफआर (वय आणि क्रिएटिनिनवरून काढलेला, किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ९५ च्या आसपास. ७२ वर्षांच्या आजींचं तेच १.१ असेल तर ईजीएफआर जेमतेम ५३ भरतो. लॅबच्या कागदावर कदाचित दोघांपुढेही 'नॉर्मल'च छापलेलं असेल! म्हणून ईजीएफआर मागून घ्या. तो ६० च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवा. आदल्या रात्री मटण-मासे नकोत, शिजलेल्या मांसाने क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं. पाणी नेहमीसारखं प्या.

लघवीसाठी 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो' लिहून घ्या. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रथिन. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन सापडत नाही, आणि मधुमेहात किडनीची गळती बहुधा तिथूनच सुरू होते, तेव्हा क्रिएटिनिन अगदी चांगलं असतं. सकाळची पहिली लघवी आणा: सुरुवातीची धार सोडून मधली, लॅबने दिलेल्या डबीत. घरची लोणच्याची बरणी कितीही घासली तरी नको. रेशो ३० च्या आत आला तर ठीक. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, पाळी चालू असेल किंवा आदल्या दिवशी लावणीत राबला असाल, तर थांबा. आकडा उगाच वाढतो.

एकदा जास्त आलं म्हणून घाबरू नका. तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा, तेव्हाही तसंच असेल तर तो जुना आजार धरतात. जुने रिपोर्ट जपून ठेवा, किडनीचं काम किती घसरलं ते डॉक्टर त्यांवरूनच ओळखतात. गुडघ्यासाठी दुकानातून डायक्लोफेनॅक आणून खात असाल तर तेही सांगा, ते किडनीला बाधतं. मधुमेह, बीपी असलेल्यांनी दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात.

पावसात शेतात उतरल्यावर ताप, पोटऱ्या दुखणं आणि लघवी कमी होणं, असं झालं तर मात्र तीन महिने नाहीत, तीन तासही थांबू नका. लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) किडनीला झपाट्याने धरतो. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.