ओतीव शिशाची गोळी आणि काडतुसाची लांबी: पुस्तकाला नको, नळीला विचारा

मी अमेरिकेत घरी ९ एमएमची काडतुसं भरायला लागलो तेव्हा काडतूस-भरणीच्या पुस्तकातली लांबी (पुंगळीच्या, म्हणजे पितळी कवचाच्या बुडापासून गोळीच्या नाकापर्यंत) तंतोतंत लावून एकदम ५० भरली. रेंजवर पहिल्याच काडतुसाला पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) केसभर उघडी राहिली. पुढे जाईना, मागे येईना. उरलेली ४९ घरी गोळी उपटायच्या हातोडीवाल्या पुलरने ठोकून मोकळी केली. पुस्तक चुकलं नव्हतं. त्यातली लांबी त्यांच्या गोळीची आणि त्यांच्या नळीची होती, एवढंच.

९ एमएम लुगरच्या काडतुसाची प्रमाणित कमाल लांबी १.१६९ इंच. पण ही वरची मर्यादा झाली, आपलं माप नव्हे. तांब्याच्या आवरणाची गोळी ०.३५५ इंच व्यासाची असते, ओतीव शिशाची बहुधा ०.३५६ किंवा त्याहून थोडी जाड. शिवाय साच्यागणिक नाकाचा आकार बदलतो. ही जाडसर गोळी नळीतल्या आट्यांना (आतल्या पिळदार खाचांना) लवकर भिडते. काही पिस्तुलांत, उदाहरणार्थ सीझेडच्या, आटे चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) अगदी जवळ सुरू होतात. तिथे हमखास अडतं.

आता कामाला लागू. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करा, नळी सुटी करा आणि स्वच्छ पुसा. आत शिसं चिकटलेलं असेल तर पुढची सगळी मापं खोटी येतील.

साइझ केलेली (डाय नावाच्या साच्यातून दाबून मापात आणलेली) एक रिकामी पुंगळी घ्या. तिच्यात प्रायमर (बुडाची ठिणगी देणारी टोपी) नको, दारू नको. ती तशीच नळीत टाकून कुठवर बसते ते बघून ठेवा. मग तोंड किंचित फुलवून गोळी मुद्दाम लांब बसवा, साधारण १.१६० इंचावर. टेपर क्रिंपने (तोंड हलकेच आवळून) फुलवलेलं तोंड परत सरळ करा. तोंडापाशी ०.३७८ ते ०.३७९ इंच पुरे. जास्त आवळलं तर पुंगळी मऊ शिशात रुतते, गोळी बारीक होते आणि नळीत शिसं माखतं.

नळी तोंड खाली करून धरा आणि हे नकली काडतूस आत सोडा. ‘टक्’ असा कोरडा आवाज यायला हवा. बोटाने फिरवलं तर मोकळं फिरावं आणि नळी उलटी केली की आपल्या वजनाने बाहेर पडावं. ‘थप्प’ आवाज आला किंवा फिरवताना अडलं, तर गोळीला आणि पुंगळीच्या तोंडाला काळा मार्कर फासा आणि काडतूस परत आत फिरवून काढा. चरा गोळीच्या खांद्यावर (नाक संपून पूर्ण जाडी सुरू होते तिथे) दिसला तर आटे लागताहेत, म्हणजे लांबी कमी करा. पुंगळीच्या काठावरची शाई खरवडली असेल तर लांबीला हात लावू नका, क्रिंप कमी पडलाय. ही गल्लत फार जण करतात आणि गोळी उगाच खोल दाबत सुटतात.

लांबी पाच-पाच थाऊने उतरवा. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्याकडच्या वर्कशॉपमधला शब्द, इथेही सुटत नाही.) काडतूस मोकळं फिरू लागलं की आणखी १० ते १५ थाऊ कमी करा, कारण ओतीव गोळ्या एकसारख्या बसत नाहीत. तेच काडतूस मॅगझिनमध्ये घालून स्लाइड हाताने सोडून बघा. मग व्हर्नियरने मोजा, नाक टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबा आणि परत मोजा. गोळी आत सरकली तर पकड ढिली आहे.

इथे घाई जिवावर बेतू शकते. ९ एमएमची पुंगळी लहान. गोळी जराशी खोल गेली तरी आतली जागा घटते आणि दाब झपाट्याने चढतो. तुमची लांबी पुस्तकातल्यापेक्षा कमी आली तर दारू त्या गोळीसाठी दिलेल्या सुरुवातीच्या मापापासूनच धरा, मधल्यापासून नाही.

.४५ एसीपीत सपाट नाकाची, खांदा असलेली सेमी-वॉडकटर गोळी वापरत असाल तर एकूण लांबीपेक्षा खांद्याकडे बघा. तो पुंगळीच्या काठावर नखाच्या जाडीइतका दिसावा. चाचणी मात्र हीच.

भारतातल्या वाचकांसाठी: शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा हे तिथे करू नका.

नक्की झालेली लांबी, साचा आणि पिस्तूल, तिन्ही डब्यावर लिहा. नकली काडतूस फेकू नका. डाय परत लावताना तेच माप कामी येतं. माझ्याकडच्या नकली काडतुसांच्या बुडाला लाल रंग लावलाय, म्हणजे खऱ्यांत मिसळत नाहीत.