आत्याच्या वह्यांतून आत्याची पुस्तिका कशी केली

आत्या गेल्यावर आठवडाभरातच तिचं कपाट आवरायला निघालं. साड्या कुणाला, शिवणयंत्र कुणाला, हे बोलणं चालू होतं आणि दाराशी रद्दीचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला होता. त्यात मला तिची अर्जांची वही दिसली. सुतळी सोडली, वही काढली, आणि तिथूनच तिची स्मरण-पुस्तिका सुरू झाली. तुमच्या घरातलीही लिहिती बाई गेली असेल आणि तिच्यासाठी असं काही करायचं मनात असेल, तर माझं पहिलं सांगणं हे की निदान तीन महिने कागदाचा कपटाही घराबाहेर जाऊ देऊ नका.

तिचं लेखन म्हणजे काय, हे आधी मोकळ्या मनाने ठरवा. आमचं घर ख्रिस्ती. आत्याच्या कविता होत्या, नाताळच्या बालनाटिका होत्या, महिला मंडळात दिलेल्या बोधांची टिपणं होती. घरच्यांच्या मते तेवढंच ‘साहित्य’. पण नगर तालुक्यातल्या किती तरी बायकांचे अर्ज तिने चाळीस वर्षं लिहून दिले. निराधार योजनेचे, रेशनकार्डाचे, वीज पडून जनावरं मेली त्याच्या भरपाईचे. प्रत्येकाचा कच्चा मसुदा त्या वहीत आहे. माझ्या मते तिचं सगळ्यात चांगलं गद्य तेच. लेखन आणि सेवा ही तिच्या आयुष्यातली दोन खाती नव्हतीच, म्हणून पुस्तिकेतही आम्ही ती वेगळी केली नाहीत. कालनिर्णयच्या चौकटीतल्या दुधाच्या खुणा, भिशीचा हिशेब, लोणच्याच्या प्रमाणाचा कागद, हेही जपा. निवड नंतर करता येते.

कागद हाताळताना टाचण्या आणि स्टेपल काढून टाका, त्या गंजून कागद खातात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते पुन्हा निघत नाही. फोटोच्या पाठीवर नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने. प्रत्येक पानाचा फोटो खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय, वरून सरळ घ्या आणि त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी त्याची प्रत ठेवा. माझ्या मोबाईलने मध्येच दगा दिला आणि दोन संध्याकाळींचं काम पुन्हा करावं लागलं.

तारीख नसलेल्या पानांनी आम्हाला फार छळलं. पोस्टकार्डावर पोस्टाचा शिक्का असतो, भिंगाने तो वाचता येतो. दुसरी युक्ती मला आत्याच्या अक्षरानेच शिकवली. तिचं शिक्षण जुन्या शुद्धलेखनात झालं होतं, ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘कीं’ असे अनुस्वार देऊन. १९६२ साली नवे नियम आले. ती शिक्षिका, तेव्हा वर्गात शिकवता शिकवता तिचं स्वतःचं लिहिणंही हळूहळू बदललं. अनुस्वारांनी भरलेली पानं आधीची, गाळलेली नंतरची, असा ढोबळ क्रम लागला. नेमकं वर्ष यातून मिळत नाही, पण गठ्ठे पाडता येतात. छापताना मात्र तिचे अनुस्वार काढू नका. ‘मी आज देवळांत गेलें’ (देऊळ म्हणजे आमचं चर्च) या ओळीत ती ऐकू येते.

श्रद्धेबद्दल लिहिताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आत्याच्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, समासात पेन्सिलीने तारखा आहेत. मी त्यांची यादी केली आणि शेजारी घरातल्या घटना लिहिल्या. डोंगरांकडे डोळे लावणाऱ्या १२१व्या स्तोत्राशेजारची तारीख माझ्या वडिलांच्या ऑपरेशनची निघाली. ते कळल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते. आणि मग एक मोठी रिकामी जागा दिसली. तिची धाकटी मुलगी तापाने गेली त्यानंतर जवळजवळ आठ महिने एकही तारीख नाही. रोजनिशीत त्या काळात एकच वाक्य आहे, ‘उपासनेला गेलें नाही, गाणें तोंडातून निघत नाही.’

हे छापायचं का, यावर घरात वाद झाला. मी छापण्याच्या बाजूची होते आणि माझा आधार लक्ष्मीबाई टिळकांचा होता. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधल्या पाच वर्षांचा कोंडमारा, राग, सोवळ्याची ओढ, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात काही न लपवता सांगितलं आहे. नंतरची त्यांची श्रद्धा खरी वाटते ती त्यामुळेच. आत्येभावाने तीन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. त्याच्या होकाराशिवाय मी ते वाक्य घेतलं नसतं.

परवानगीचंही इथेच सांगते. लेखिकेच्या निधनानंतर निदान साठ वर्षं तिच्या लेखनाचा हक्क वारसांकडे असतो. तिने कुणाला पाठवलेलं पत्र त्या माणसाच्या ताब्यात असलं, तरी त्यातल्या मजकुराचा हक्क तिच्या वारसांचाच. दोन्हीकडून लेखी होकार घ्या. अर्जांमध्ये तर परक्या घरांची गरिबी, नवऱ्याची दारू, असं सगळं होतं. ज्या बाया भेटल्या त्यांना विचारलं. ज्या भेटल्या नाहीत, त्यांचे अर्ज चांगले असूनही वगळले.

आठवणी गोळा करायला जाल तेव्हा ‘त्या कशा होत्या?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: प्रेमळ, कष्टाळू, सोशिक. श्रद्धांजलीच्या प्रत्येक जाहिरातीत हे तीन शब्द असतात आणि त्यांतून कुठलीच बाई दिसत नाही. त्याऐवजी विचारा, तुमच्या घरी आल्या की कुठे बसायच्या? शेवटच्या भेटीत हातात काय काम होतं? तुमच्यावर कधी रागावल्या होत्या का? आमच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नीने सांगितलं, ‘बाई आल्या की आधी माठात पाणी आहे का बघायच्या, मग टेकायच्या.’ प्रेमळ हा शब्द आम्हाला मग लागलाच नाही.

आणखी एक सांभाळा. बाईबद्दल विचारलं की लोक तिच्या नवऱ्याबद्दल बोलू लागतात. आत्याचे यजमान, आमचे मामा, मुख्याध्यापक होते, त्यामुळे हे फारच झालं. ऐकून घ्या, मध्ये तोडू नका, आणि मग शांतपणे विचारा, ‘तेव्हा आत्या काय करत होती?’ हा प्रश्न मी किती वेळा विचारला असेल! मामांच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला त्या रात्री ती दीडशे माणसांची भांडी मोजून परत करत होती, हे त्यातूनच कळलं.

बांधणीचं थोडक्यात. आम्ही आधी तिचं लेखन ठेवलं, मग लोकांच्या आठवणी, आणि शेवटी एका पानावर जन्म, शिक्षण, नोकरी, मुलं. मधोमध स्टेपल मारायचं असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. आमची चौसष्ट झाली. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलात आणि छापखान्याने तो जुन्या फाँटमध्ये वळवला, तर रफार आणि जोडाक्षरं तुटतात. ‘प्रार्थना’ची आमच्याकडे भलतीच गत झाली होती. म्हणून अंतिम मुद्रितप्रत मागून घ्या आणि दोघांनी मिळून वाचा, एकाने मोठ्याने, दुसऱ्याने मूळ वहीत बघत. मला हे सगळ्या पुस्तिकेच्या बाबतीत जमलं नाही. अर्जांचा भाग मी घाईत एकटीने तपासला.

वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण वर्ष झालं तेव्हा मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, स्मरणाची उपासना ठेवली. भाषणं ठेवली नाहीत, तिचंच लेखन वाचलं. वीज पडून शेळ्या मेल्याचा अर्ज मी वाचला. ज्यांच्यासाठी तो लिहिला होता त्या आजी मागच्या बाकावर होत्या. ‘माझ्या दोन शेळ्या’ हे शब्द आले आणि त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘दोन नाय बाय, धा व्हत्या. बाईंनी धाच लिहिलं व्हतं. मला वाचून दाखवलं व्हतं आन् इचारलं व्हतं, हे तुझंच बोलणं हाय ना म्हणून.’

घरी येऊन वही दिव्याखाली धरली. शाई उडाली होती, पण ‘ह’ची शेपटी होती. दुसऱ्या दिवशी आत्येभाऊ आणि मी जेवणाच्या टेबलावर बसलो आणि दोनशेच्या दोनशे प्रतींत पेनाने ‘दोन’ खोडून ‘दहा’ केलं.