सोलापुरात शैक्षणिक विषमतेवर संशोधन करताय? या चुका टाळा

शाळेच्या हजेरीपटावरून नमुना निवडला, की निम्मी विषमता तिथेच गळते. गाळप हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड जोडपी जिल्ह्यात येतात, मुलं सोबत. चार-पाच महिने ही मुलं इथल्या फडात असतात, पण नाव गावाकडच्या शाळेत. तुमच्या यादीत ती येणार कुठून? इथून बाहेर तोडीला जाणाऱ्यांची मुलं उलट पटावर असतात, बाकावर नसतात. म्हणून एक फेरी जूनमध्ये शाळेत आणि दुसरी जानेवारीत कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर करा.

सगळ्यात मोठी गफलत मात्र शहराच्या पूर्व भागात होते. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही. अशा मुलाला मराठी उतारा वाचता आला नाही, तर लगेच ‘अध्ययन क्षमता कमी’ असा शेरा मारू नका. गणित तोंडी घालून बघा. ‘मातृभाषा’ आणि ‘माध्यम’ हे रकाने वेगळे ठेवा आणि तेलुगू बोलणारं कुणीतरी सोबत न्या.

विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, ‘मुलगी काम करते का?’ असं विचारलं, तर आई ‘नाही’ म्हणणार. ती खोटं बोलत नाही. आईला हातभार लावणं हे तिच्या लेखी कामच नाही. त्यापेक्षा पानं कोण कापतं, दोरा कोण बांधतं, काल शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत मुलीनं काय काय केलं, हे विचारा. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे आईचे हात थांबवून मुलाखत घेऊ नका. सूप मांडीवर असतानाच गप्पा होतात, आणि उत्तरंही जास्त खरी मिळतात. तयार विड्यांचा माल द्यायला निघायच्या वेळी तर जाऊच नका.

मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ (ASER) पाहणीचे आकडे शहराला लावू नका, ती पाहणी ग्रामीण भागाची आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घ्या. मुख्याध्यापकांची सही तिची जागा घेत नाही.

युवा सक्षमीकरण मोजताना प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं मोजण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं मत. कोर्स कुणी निवडला, पहिला पगार कुणाच्या हातात गेला, हे विचारा. शिवाय शिकलेली पोरं बरीचशी पुण्याला गेलेली असतात. फक्त गल्लीत उरलेल्यांना भेटलात तर चित्र एकांगी होईल. घरच्यांकडून फोन नंबर घ्या, नाहीतर संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत या. त्या आठवड्यात पुष्कळ जण घरी सापडतात.