आदेश कधी, प्रश्न कधी : फ्रंटलाइन कर्मचाऱ्यांसाठी कोचिंगची पद्धत

काउंटर, गोदाम, कॉल सेंटर किंवा उत्पादनाची लाइन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला दिवसभरात असंख्य छोटे निर्णय जागच्या जागी घ्यावे लागतात, आणि त्या प्रत्येक वेळी सुपरवायझर शेजारी नसतो. प्रत्येक अडचणीवर स्वतःच उत्तर देण्याची सवय असलेल्या सुपरवायझरकडे विचारणाऱ्यांची गर्दी वाढतच जाते, कारण विचार करण्याची गरजच इतरांना उरत नाही. कोचिंगमुळे, म्हणजे तयार उत्तर न देता प्रश्न विचारून कर्मचाऱ्यालाच विचार करायला लावल्याने, ही गर्दी कमी होते. मात्र त्यासाठी आधी तीन गोष्टींतला फरक ओळखावा लागतो. समोरच्याला काम येत नाही, काम येते पण काहीतरी आड येते, की सारे ठीक असूनही निर्णय चुकतो?

काम येतच नसेल, तर प्रश्न विचारत बसणे हा त्याच्यावर अन्याय आहे. नवख्या माणसाला ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले, की तो अंदाज बांधतो आणि अंदाज चुकला की खजील होतो. त्याला सरळ शिकवावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत राबवलेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमाने यासाठी घालून दिलेल्या चार पायऱ्या आजही उपयोगी आहेत : शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम करून दाखवत समजावणे, त्याच्याकडून ते करवून घेणे आणि नंतर अधूनमधून जाऊन पाहणे. ही चौथी पायरीच घाईत सर्वाधिक वेळा गाळली जाते. सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तेव्हाही चर्चा न करता स्पष्ट आदेशच द्यावा.

काहीतरी आड येत असेल, तर जबाबदारी सुपरवायझरची आहे. स्कॅनर वारंवार बंद पडत असताना कर्मचाऱ्याला वेग वाढवण्याविषयी प्रश्न विचारणे निरर्थक आहे. टोयोटाच्या कारखान्यांत अडचण दिसताच कामगार मदतीचा इशारा देणारी दोरी ओढतो किंवा बटण दाबतो आणि टीम लीडर मदतीला धावतो. तिथे आधी मदत येते, जाब नंतर. कर्मचाऱ्याने सांगितलेला अडथळा दूर झाला नाही, किंवा तो का दूर होत नाही हेही त्याला कळवले नाही, तर पुढच्या संभाषणात तो मनापासून बोलणार नाही.

कोचिंगचे खरे क्षेत्र तिसरे : सारे ठीक असूनही निर्णय चुकतो तेव्हाचे. समजा, बिल हरवलेल्या ग्राहकाला वस्तू बदलून देण्यास कर्मचाऱ्याने नकार दिला, वाद वाढला आणि रांग खोळंबली. सुपरवायझरने ग्राहकासमोर काही न बोलता आधी प्रसंग निभावून न्यावा आणि गर्दी ओसरल्यावर, त्याच पाळीत, कर्मचाऱ्याला बाजूला घेऊन विचारावे : ‘ग्राहकाला नेमके काय हवे होते?’ ‘तुमच्या हातात त्या वेळी कोणते उपाय होते?’ ‘पुन्हा असे झाले तर पहिले वाक्य काय बोलाल?’ ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात आकाराला आलेल्या ‘ग्रो’ या पद्धतीतला उद्दिष्ट, सद्यस्थिती, पर्याय आणि निश्चय हा क्रमही साधारण असाच आहे. कर्मचारी गप्प राहिला, तर लगेच उत्तर पुरवू नये. ही काही क्षणांची शांतता सहन करणे हेच सुपरवायझरला सर्वांत जड जाते, पण बहुतेक वेळा विचार त्याच क्षणांत सुरू होतो. उत्तर स्वतःच्या मनात आधीच ठरवून कर्मचाऱ्याला त्याकडे ओढत नेणारे प्रश्न मात्र टाळावेत. त्यापेक्षा सरळ सांगणे अधिक प्रामाणिक ठरते.

अशा संभाषणाला पाच मिनिटे पुरतात, पण त्याआधी काम प्रत्यक्ष पाहिलेले हवे. केवळ तक्रारीच्या नोंदीवरून बोलणारा सुपरवायझर चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवण्याची शक्यता मोठी असते. शेवटी एकच ठरलेली कृती दोघांनीही लक्षात ठेवावी आणि पुढच्या एक-दोन पाळ्यांत तीच पाहावी. ती जमली, तर काय जमले ते नेमक्या शब्दांत सांगावे. ‘छान केलेत’ एवढ्यावरून पुढच्या वेळी नेमके काय करायचे ते त्याला कळत नाही.

शिकवून झाले, अडथळे दूर झाले, संभाषणेही झाली आणि तरीही ठरलेली गोष्ट जाणूनबुजून टाळली जात असेल, तर तो प्रश्न शिस्तीचा आहे. तिथे कोचिंगचा सूर न लावता अपेक्षा, मुदत आणि परिणाम कर्मचाऱ्याला स्पष्टपणे आणि लेखी सांगावेत.