शिवराई तपासायला नेण्याआधी

देव्हाऱ्यात किंवा आजीच्या डब्यात तांब्याचं जाड, ओबडधोबड नाणं निघतं, त्यावर ‘राजा’, ‘शिव’ अशी अक्षरं लागतात आणि लगेच प्रश्न येतो: याचे किती मिळतील? हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यायचा. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. तिची किंमत पृष्ठभागावर, वजनावर आणि लेखावर, म्हणजे नाण्यावरच्या अक्षरांवर, ठरते, आणि यातला पृष्ठभाग आपण स्वतःच अर्ध्या तासात घालवून बसू शकतो. म्हणून पहिलं काम म्हणजे नाणं न घासणं. चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका. तांब्यावरचा तपकिरी थर बसायला पिढ्या जातात आणि आम्ल तो काही मिनिटांत खातं. खालून गुलाबीसर, चकचकीत तांबं निघतं. ते पुढे पुन्हा काळवंडतं, पण डागाडागांनी. पहिला थर परत येत नाही. जाणकाराला हा रंग नाणं हातात घेण्याआधीच कळतो आणि भाव तिथेच पडतो. दर सणाला चिंचेने उजळलेल्या देव्हाऱ्यातल्या शिवराई नाण्यांचं हे आधीच झालेलं असतं. निदान आता ते थांबवा.

पाणी लावण्याआधी उजेडात हिरवा रंग नीट बघा. गडद, घट्ट, नखाने न निघणारा हिरवा थर असेल तर काळजीचं कारण नाही. पण फिकट, पोपटी, पुडीसारखा भुगा असेल, टूथपिकने उडत असेल आणि खाली खड्डा दिसत असेल, तर तो क्लोराइडचा रोग आहे. ओलावा मिळाला की तो तांबं खात आत जातो, पावसाळ्यात तर फार वेगाने. असं नाणं वेगळ्या हवाबंद डबीत सिलिका जेलबरोबर ठेवा, बाकीच्या नाण्यांपासून लांब, आणि संवर्धकालाच दाखवा. रोग नसेल आणि हळदकुंकू चिकटलं असेल, तर रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून लाकडी टूथपिकने हलकेच सोडवा. तेलाचा थर शुद्ध अॅसिटोनमध्ये सुटतो. भांडं काचेचं हवं, खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालणार नाही. त्यात तेल आणि सुगंध असतात. शेवटी पुसू नका, सुती कापडावर टेकवून वाळू द्या.

सामान फार लागत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि तो तपासायला एक प्रमाणित वजन, व्हर्नियर कॅलिपर, दहापट भिंग, वाकवता येणारा टेबललॅम्प, चुंबक, दोरा आणि काचेचा छोटा पेला एवढं पुरे. मेजावर मऊ कापड अंथरा आणि नाणं कायम कडेला धरा. बोटांचा घाम तांब्यावर ठसा उमटवतो.

आधी फोटो. दोन्ही बाजू आणि कड, शेजारी मिलिमीटरची पट्टी. दिवा डोक्यावर नको, बाजूने तिरका हवा. झिजलेलं अक्षर सरळ उजेडात दिसत नाही, तिरक्या उजेडात त्याची सावली पडते. त्याच अंतरावरून दिवा चार दिशांनी फिरवत चार फोटो घेतलेत, तर गेलेला वाटणारा ‘श्री’सुद्धा कधीकधी लागतो.

मग वजन. तीनदा घ्या आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा. जुन्या मानल्या जाणाऱ्या पूर्ण (अर्ध्या नव्हे) शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या मिळतात, नंतरच्या काळातल्या बऱ्याच हलक्या असतात. खूप झिजलेलं नाणं मापापेक्षा हलकं असणारच. उलट अक्षरं ठसठशीत असून वजन भलतंच कमी असेल तर संशय घ्यावा. व्यास एकाच ठिकाणी मोजू नका. कड गोल नसते, म्हणून सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान अशी दोन्ही मापं लिहा. चुंबकाला नाणं चिकटलं तर पुढे काही बघायची गरजच नाही.

धातूची घनताही घरी काढता येते, मात्र रोग असलेल्या नाण्यावर हा प्रयोग करू नका. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करा. नाणं दोऱ्याने पूर्ण बुडेल असं लोंबकळत सोडा; तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याचं घन सेंटीमीटरमधलं घनफळ; हवेतल्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. समजा नाणं हवेत १२.१० ग्रॅम आहे आणि काटा १.३७ दाखवतो. भागाकार येतो ८.८३. शुद्ध तांब्याची घनता ८.९६ असते. गंजामुळे आणि बारीक छिद्रांमुळे जुनं नाणं थोडं खाली येतं. आकडा सातच्या आसपास आला तर ते जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम समजा. पितळ ओळखायला मात्र ही कसोटी कच्ची आहे, कारण त्याची घनता तांब्याच्या फार जवळ असते.

आता भिंग. शिवराई ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकलेली आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’ आणि भोवती टिंबांची कड. ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने सगळा लेख क्वचितच बसतो; टिंबांचा एखादा तुकडा आणि अर्धी अक्षरं हेच नेहमीचं दृश्य. ‘रा’चा काना भिंगाखाली धरा. ठोकलेल्या नाण्यात कान्याची भिंत पृष्ठभागातून सरळ वर उठते, पायाशी कोन स्पष्ट असतो आणि त्या कोनात काळपट मळ दाबून बसलेला असतो. ओतीव नकलेत तोच काना वापरून गुळगुळीत झालेल्या साबणासारखा दिसतो, पायाशी गोलाई असते, आणि सपाट भागात सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे असतात. ते साच्यात अडकलेल्या हवेचे बुडबुडे. कडेला साच्याचा जोड किंवा तो लपवायला मारलेली कानस दिसते का बघा. ठोकताना कडेला पडलेली चीर दोष नाही, उलट ती बरीचशी खरेपणाच्या बाजूने बोलते.

रंगही तपासा. खऱ्या नाण्यात उंच भाग हाताळून गुळगुळीत आणि जरा उजळ, तर खोलगट भाग गडद असतो. सगळीकडे सारखाच हिरवा किंवा काळा रंग असेल, ताज्या ओरखड्याच्या आतसुद्धा, तर तो चढवलेला आहे. अॅसिटोन लावलेल्या कापसावर रंग उतरला तर शंकाच नको. आणि सगळ्यात पक्की खूण: हाताने ठोकलेली दोन नाणी कधीच तंतोतंत सारखी नसतात. तीच चीर, तेच कापलेलं अक्षर, तोच खड्डा असलेली दोन नाणी दिसली, तर निदान एक तरी साच्यातून निघालेलं आहे.

यापुढचा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण फसवणूक इथेच होते. नाणं अस्सल असणं वेगळं आणि ते महाराजांच्या हयातीतलं असणं वेगळं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेला हाच लेख महाराजांनंतरही पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात पाडला जात राहिला. मधे दोन आडव्या समांतर रेघा असलेली दुदांडी शिवराई तर उशिराचीच. त्यामुळे ‘शिव’ या अक्षरांवरून काळ ठरत नाही. अक्षरांचं वळण, ‘शिव’, ‘शीव’, ‘सीव’ असे लेखनातले फरक, वजन आणि चिन्हं मिळून काळ ठरतो. म्हणून प्रत्येक अक्षर जसं दिसतं तसं कागदावर काढा, ऱ्हस्व-दीर्घासकट. मनातलं शुद्धलेखन त्यात घुसवू नका.

प्रत, म्हणजे नाण्याचा दर्जा, ठरवताना झीज आणि अपुरा ठसा यांत गल्लत होते. झीज उंच भागांवर सगळीकडे पसरते. अपुरा ठसा एकाच जागी असतो आणि बहुधा मागच्या बाजूला त्याच जागीही नाणं सपाट दिसतं. विक्रेत्यांच्या भाषेतलं ‘फाइन’ म्हणजे उत्तम नव्हे, ती बरीच झिजलेली अवस्था. त्यावर व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड येतात. शिवराईच्या बाबतीत नुसत्या प्रतीपेक्षा लेख किती बसला आहे याला जास्त मोल, म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा.

आता किंमत. शिवराई रोजच्या व्यवहारातलं नाणं होतं, भरपूर पाडलं गेलं आणि आजही भरपूर मिळतं. पूर्ण लेख, भरदार वजन, न घासलेला तपकिरी पृष्ठभाग किंवा दुर्मीळ प्रकार यांनीच भाव चढतो. जाहिरातीतला मागितलेला आकडा धरू नका. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, त्याच प्रकारच्या आणि तशाच अवस्थेतल्या निदान पाच नाण्यांचे आकडे शोधा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. लिलावाचं कमिशन आणि कर वेगळे असतात, त्यामुळे विकणाऱ्याच्या हातात बोलीपेक्षा कमी पडतं. लाखो रुपये देतो, आधी नोंदणी फी भरा असा फोन आला की बोलणं तिथेच थांबवा. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कुठलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

नाणं कुठून आलं हेही लिहा: कोणाकडून, कधी, पावती आहे का. जमिनीत पुरलेलं सापडलं असेल तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं असं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. किल्ल्यावर यंत्र घेऊन उकरणं तर करूच नये. संरक्षित स्मारकात तो गुन्हा आहे, आणि जागेवरून उचललेलं नाणं त्या किल्ल्याच्या इतिहासातून कायमचं सुटतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे परदेशी पाठवता येत नाही.

नेताना मऊ पीव्हीसीचं पाकीट टाळा. त्यातून चिकट हिरवा थर सुटतो. आम्लमुक्त कागदाचं पाकीट किंवा मायलरची (पॉलिस्टरच्या पातळ पारदर्शक प्लास्टिकची) चौकट घ्या, एका पाकिटात एकच नाणं. नोंदींची एक प्रत बरोबर ठेवा आणि मूळ घरी ठेवा. जाणकाराने काळ सांगितला की तो कशावरून ठरवला ते विचारा, आणि ते उत्तर तुमच्या वजनाच्या आणि अक्षरांच्या नोंदींशी त्याच्यासमोरच ताडून बघा.