जुनी बुलेट स्टार्ट होत नाहीये? कार्बोरेटर नंतर, आधी करंट बघा

पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे इग्निशनचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट किक मारून मारून घाम काढायला लागली की लोक लगेच कार्बोरेटर खोलतात राव, अरे आधी हेडलाइटजवळच्या अँमीटरकडे (करंट दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरकडे) बघा ना, फुकटचा टेस्टर आहे तो. चावी ऑन करायची, डीकॉम्प्रेसर (इंजिनमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून किक हळूहळू खाली न्यायची. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मधे येतो. असं होत असेल तर कॉइलपर्यंत (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) करंट जातोय.

काटा हललाच नाही तर बॅटरी, फ्यूज, अर्थची वायर आणि इग्निशन स्विच बघा, आणि हो, पॉइंटवर तेल किंवा काजळी असली तरी असंच होतं. बारीक पॉलिश पेपर फिरवा, पेट्रोलच्या फडक्याने पुसा आणि पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप ०.३५ ते ०.४० एमएम ठेवा. काटा मायनसलाच चिकटून राहतोय? मग पॉइंट उघडतच नाहीयेत किंवा वायर कुठेतरी शॉर्ट आहे.

इथवर सगळं ओके असेल तर प्लग काढून कॅपला लावा, इंजिनच्या हेडला टेकवा (पेट्रोल सांडलेलं नको हां) आणि किक मारा. ठिणगी निळी, जाड हवी. पिवळट मरतुकडी दिसली आणि पॉइंटवर मात्र फटाके उडतायत तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा पार्ट) गेलाय, बदलून टाका, महाग नसतो. गाडी थंड असताना चालते आणि तापल्यावर बंद पडते, तर कॉइलवर संशय घ्या. आणि चेकिंग करताना चावी उगाच ऑन ठेवू नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापते, बॅटरीही उतरते.